विद्यापीठाच्या इमारतीतल्या पाट्या: प्रकल्प नोंदी, मार्च ते जून २०२५

३ मार्च

आजपासून काम सुरू. इमारत तळमजला अधिक चार, पश्चिम उपनगरातल्या एका विद्यापीठाच्या कॅम्पसमधली, नाव लिहीत नाही कारण पुढे कुरकुर होणारच आहे. दोन विंग, जुनी आणि नवी, मधे लांब पॅसेज, आणि दोन्ही जोडताना मजल्यांची उंची जुळवायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही त्यामुळे प्रत्येक मजल्यावर पॅसेजच्या मधोमध पाच पायऱ्या. लिफ्ट फक्त नव्या विंगला.

सध्याच्या पाट्यांचे फोटो काढले. पितळी नेमप्लेट, सनबोर्ड, फ्लेक्सचा तुकडा, लॅमिनेट केलेले ए-फोर, दारावर खडूने लिहिलेले नंबर, आणि एका खांबावर एकावर एक चिकटवलेल्या सूचना, ज्यातली सगळ्यात वरची २०१९ च्या पुनर्मूल्यांकनाची. बाणांचं तर विचारूच नका, एक बाण सरळ भिंतीत जातो. तरी इमारत चालते कारण दारात शिपाई काका बसतात आणि सगळे त्यांनाच विचारतात. इतिहास विभाग कुठे विचारलं तर म्हणाले, "वर जा, कूलर लागला की डावीकडे." कूलर कधीच काढून नेलाय, पत्ता अजून तोच चालू आहे.

आम्हाला सांगितलंय एवढंच की "ब्रेल पाट्या लावून द्या". विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या ७.१.७ या निकषात दिव्यांगांसाठीच्या सोयी विचारतात, त्यात रॅम्प-लिफ्ट, टॉयलेट, टॅक्टाइल पाथ, पाट्या सगळं येतं, त्याचे फोटो हवेत. थोडक्यात फोटोत दिसलं की झालं असा सूर आहे. बघू.

६ मार्च

आज दोघांबरोबर इमारत फिरलो. एक एम.ए.ची विद्यार्थिनी, जन्मापासून दिसत नाही, पांढरी काठी वापरते. दुसरा पीएच.डी. करणारा एक दादा, व्हीलचेअरवर. आम्ही तोंड बंद ठेवून फक्त मागे चालायचं असं आधीच ठरलेलं.

ती एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताच्या बोटांची मागची बाजू भिंतीला लावून चालते. खांब, कोनाडा, दाराची चौकट, परत भिंत. तळमजल्यावरच्या टॉयलेटपाशी थांबली. तिथे आधीच्या कुठल्यातरी कंत्राटात ब्रेलची पाटी लावलेली आहे, दाराच्या बरोब्बर मधोमध, आणि दार उघडतं बाहेर. ती दार चाचपत असताना आतून कुणीतरी ढकललं आणि ती दोन पावलं मागे झाली, सवय असल्यासारखी. म्हणाली, "ताई, ब्रेल वाचत उभी राहिले तर कपाळमोक्ष ठरलेला." मग विचारलं की बाकीच्या दारांवर पाट्या शोधतेस का, तर म्हणे, "कशाला? असली तरी कुठे असेल ते मला काय माहीत. अख्खं दार चाचपू का, लोक बघत असतात."

हे डायरीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय. दिसणाऱ्याला पाटी लांबून सापडते, तिला आधी पाटी सापडायला हवी आणि मग त्यावरचं वाचायचंय. प्रत्येक दाराशी ती त्याच बाजूला, त्याच उंचीवर असेल तरच हात आपोआप तिथे जाईल.

दादाचं दुखणं वेगळं. रॅम्प इमारतीच्या मागे आहे आणि व्हीलचेअरचं चिन्ह रॅम्पवरच लावलंय. "रॅम्प दिसल्यावर रॅम्पची पाटी वाचून मी काय करू? मला ती गेटवर हवी ना, मेन पायऱ्यांसमोर." बरोबर आहे. पुढे लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर गेलो, त्याला जुन्या विंगमधल्या फेलोशिपच्या टेबलापर्यंत जायचं होतं. लांबलचक पॅसेज, अर्ध्यावर पाच पायऱ्या, परत फिरा. कुठेही एक अक्षर नाही की पुढे पायऱ्या आहेत.

१० मार्च

वाचनाचा दिवस. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करा असं कलम ४५ म्हणतं, नियम आले २०१७ ला, गणित ज्याचं त्याने करावं. त्यावर २०२१ ची हार्मोनाइज्ड गाइडलाइन्स, म्हणजे सुगम्य इमारतींसाठीची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं. संध्याकाळी स्थापत्य विभागाच्या इंजिनियर साहेबांशी मीटिंग, त्यांचा ठेवणीतला प्रश्न: "मॅडम, गाइडलाइनच आहे ना? कंपल्सरी कुठेय?" मी ८ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा राजीव रतुरी निकाल छापूनच नेलेला. त्यात कोर्टाने नेमकं हेच धरलंय, की कायदा सक्तीची भाषा करतो आणि नियम १५ नुसता शिफारशीचा, असं चालणार नाही, तीन महिन्यांत सक्तीचे नियम ठरवायला घ्या. साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि चहा मागवला. आमच्याकडे याचा अर्थ साधारण होकार असतो.

१८ मार्च

खोल्यांचे नंबर. इथे खरा गुंता आहे.

नव्या विंगमध्ये १०१, २०१ असे मजल्याप्रमाणे. जुन्या विंगमध्ये १ ते ४० सरळ ओळीत, म्हणजे २१ नंबर दुसऱ्या मजल्यावर, आणि मधल्या पार्टिशनमुळे २१-ए, २१-ए/१ अशी पिल्लं. सगळं बदलून टाकावं असं आमच्या इंटर्नचं म्हणणं, पण टाइमटेबल, परीक्षेची बैठकव्यवस्था, विजेचे मीटर, डेड स्टॉक रजिस्टर सगळीकडे हेच नंबर आहेत. शेवटी असं ठरलं की नव्या विंगला ए आणि जुन्या विंगला बी म्हणायचं (मुंबईत सोसायटीत वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही), नव्या विंगचे नंबर जसेच्या तसे, जुन्या विंगला मजल्याचा आकडा पुढे लागेल असे नवीन नंबर, आणि एक वर्षभर खाली बारीक अक्षरात जुना नंबर. कुलसचिव कार्यालयाने परीक्षा संपल्यावर लागू करा म्हटलंय, तेही बरोबरच आहे.

अंक देवनागरी की इंग्रजी यावर तासभर गेला. मी मराठीच्या बाजूची, पण हॉलतिकिटावर इंग्रजी अंक छापून येतात आणि पोरगं हातातल्या कागदावरचा आकडा दारावरच्या आकड्याशी जुळवत फिरतं. म्हणून दारावर इंग्रजी अंक, एकदाच, मोठे आणि उठावाचे. नावं मराठीत वर, इंग्रजीत खाली.

ब्रेलमध्ये हा वादच नाही, अंक दोन्हीकडे सारखेच. मात्र एक गंमत सापडली. ब्रेलचं प्रत्येक अक्षर सहा टिंबांच्या चौकटीत बसतं, आकड्याआधी जी खूण द्यावी लागते ती त्यातल्या ३-४-५-६ या टिंबांची, आणि भारतीय भाषांच्या भारती ब्रेलमध्ये ण सुद्धा तोच. मी घाबरून त्या एम.ए.च्या विद्यार्थिनीला फोन केला, ती हसायलाच लागली, "ण ने सुरू होणारा एक शब्द सांगा." अंकलिपीतसुद्धा ण बिचारा बाणाचा, शेवटी येणारा.

२ एप्रिल

पाडव्याची सुट्टी संपवून सगळे हजर. अक्षरं.

‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा मुक्त फॉन्ट घेतलाय, मुक्ता, आपल्या मुंबईच्याच लोकांचा, जाड वजनातही काना-मात्रा गुदमरत नाहीत. एक सवय लावून घ्यावी लागते, पॉइंट साइज सारखी ठेवली तर इंग्रजीच्या कॅपिटलपुढे देवनागरी बारकी दिसते, म्हणून आम्ही पॉइंट सोडून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत पट्टीने मोजतोय. वेलांटी आणि रफार वर, उकार खाली, म्हणजे ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. साइनवाल्यांचा ठोकताळा दहा फुटांना एक इंच अक्षर, कमी दिसणाऱ्यांसाठी त्याहून मोठं धरतोय. ए-फोरवर छापून पॅसेजमध्ये लावलं आणि आमच्यातल्या जाड चष्मेवालीला चष्मा काढून उभं केलं, तिने "ग्रंथालय" ओळखलं, "संख्याशास्त्र" नाही. तिथे अक्षर मोठं केलं आणि इंग्रजी ओळ दोन तुकड्यांत तोडली.

उठावाचं देवनागरी करायचं का? करून बघितलं, अ‍ॅक्रिलिकवर कापून. डोळे मिटून बोट फिरवलं की शिरोरेषा सगळ्या अक्षरांना एकाच दोरीला बांधून टाकते, कुठे क संपला आणि कुठे म सुरू झाला कळत नाही. जन्मापासून न दिसणाऱ्यांना छापील अक्षराचा आकार तसाही ओळखीचा नसतो, ज्यांची नजर नंतर गेली त्यांना उठावाचे अंक आणि सुटे इंग्रजी कॅपिटल लागतात. तेव्हा उठावात अंक आणि इंग्रजी, एडीए या अमेरिकेच्या दिव्यांग कायद्याच्या मापांप्रमाणे किमान ०.८ मिलिमीटर उंच, आणि मराठी ब्रेलमध्ये. एका मराठीप्रेमी सरांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांना नमुना हातात देऊन डोळे मिटायला सांगितलं, मग म्हणाले ठीक आहे.

शब्दांची काटछाट पण आजच केली. प्रसाधनगृह कटाप, शौचालय. ब्रेलमध्ये शौचालय सहा चौकटींत बसतं, प्रसाधनगृहाला जवळजवळ दुप्पट लागतात, जोडाक्षर आलं की आधी हलंताचं टिंब द्यावं लागतं ते वेगळंच.

९ एप्रिल

रंग. वरून फर्माईश आली की स्टेनलेस स्टील, त्यावर सोनेरी अक्षरं, "रिच दिसलं पाहिजे". नमुना घेऊन पॅसेजमध्ये ट्यूबलाइटखाली धरला. पाटीवर ट्यूबलाइट स्वच्छ वाचता येते, बाकी काही नाही. मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून दाखवला, सोनेरी आणि स्टील दोन्ही एकच राखाडी. हा फोटो कुठल्याही प्रेझेंटेशनपेक्षा जास्त कामी येतो, ज्यांना असलं काही करायचंय त्यांनी आवर्जून वापरा. अक्षर आणि पार्श्वभूमी किती प्रकाश परत फेकतात त्यातला फरक साधारण ७० टक्के ठेवावा असं म्हणतात.

ठरलं: मॅट गडद निळा, पांढरी अक्षरं. भिंत क्रीम असल्यामुळे पाटी भिंतीपासूनही वेगळी उठून दिसते, हे लोक विसरतात. जुन्या विंगला कमरेइतका मरून ऑइलपेंटचा पट्टा आहे पण आमची पाटी त्याच्या वर येते. विभागांना वेगवेगळे रंग द्यायची कल्पना विद्यापीठाकडच्या एका मॅडमनी मांडली, ठेवली, पण रंगासोबत अक्षर आणि नंबर असणारच या अटीवर, लाल-हिरव्यात गल्लत होणारे विद्यार्थी पण असतातच.

२२ एप्रिल

व्हेंडरकडून ब्रेलचा पहिला नमुना आला. दिसायला झकास. तिला नेऊन दिला, तिने बोट फिरवलं, परत फिरवलं, म्हणाली "हे मुंग्यांसाठी आहे का?"

झालं असं की मांडणी पाटीत मावत नव्हती म्हणून त्यांच्या पोराने सगळं सिलेक्ट करून ८० टक्के केलं. अक्षरं लहान झाली तर डोळा चालवून घेतो, बोट चालवून घेत नाही. ब्रेलच्या दोन टिंबांत २.५ मिलिमीटर आणि दोन चौकटींत सुमारे ६ हे माप पाटी केवढीही असो तेच राहतं, ते बोटाच्या टोकावरून आलंय. व्हेंडर भला माणूस, म्हणाला "मॅडम, कोणी सांगितलंच नव्हतं, इतकी वर्षं असंच करतोय." म्हणजे शहरात किती ठिकाणी मुंग्यांच्या पाट्या लागल्यात देव जाणे.

आता ड्रॉइंगवर लाल चौकटीत लिहिलंय: हा भाग स्केल करू नये. मजकूर लिब्लुइस या ब्रेल करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी टेबलमधून काढतोय, पण छापायच्या आधी प्रत्येक ओळ ती आणि एक निवृत्त ब्रेलशिक्षक सर बोटाने वाचणार, पैसे देऊन. बजेटमध्ये हा हेड टाकताना अकाउंट्सवाल्यांनी "प्रूफरीडिंग" लिहायला सांगितलं. लिहिलं.

७ मे

सुट्टीमुळे इमारत मोकळी आहे, म्हणून सनबोर्डाचे तुकडे आणि मास्किंग टेप घेऊन सगळ्या जागा पक्क्या करतोय. नियम एकच: दाराच्या कडीच्या बाजूची भिंत, दाराच्या पाख्यावर कधीच नाही, उठावाच्या अक्षरांचा पाया जमिनीपासून १४०० मिलिमीटरवर. एडीए १२२० ते १५२५ म्हणतं, त्यात हे बसतं आणि व्हीलचेअरवरून पण मान वर करावी लागत नाही.

नियम एक आणि अडचणी शंभर. कडीच्या बाजूला कुठे स्विचबोर्ड, कुठे फायर एक्स्टिंग्विशर, कुठे गोदरेजचं कपाट जे "तात्पुरतं" ठेवलंय. साहेब म्हणत होते की जिथे अडचण आहे तिथे पाटी दुसऱ्या बाजूला घ्या, काय बिघडतं. बिघडतं ना. तीस दारांना उजवीकडे आणि चारांना डावीकडे लावली तर तिला प्रत्येक दाराशी परत चाचपणं आलं. काकांनी दोन माणसं बोलावून कपाटं सरकवली, एक्स्टिंग्विशरसाठी फायरवाल्यांना पत्र गेलंय. दोन ठिकाणी कडीच्या बाजूला भिंतच नाही, तिथे लगतच्या भिंतीवर.

लटकत्या पाट्या डोक्यावरून नीट वर. भिंतीतून बाहेर आलेली प्रत्येक वस्तू पण मोजली, कारण काठी खाली जमिनीवर फिरते, छातीच्या उंचीवर भिंतीतून १०० मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आलेली सूचनापेटी काठीला कळत नाही, कपाळाला कळते. सूचनापेटी हलवली. आत एकही सूचना नव्हती.

१५ मे

पाच पायऱ्यांची मीटिंग. माझ्या मते या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची पाटी हीच, आणि हिच्यात ब्रेलचा संबंध नाही.

आमचं म्हणणं साधं. तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरायच्या आधीच लिहा की बी विंगला जाताना पाच पायऱ्या आहेत, चाकाची खुर्ची जात नाही, मदतीसाठी अमुक खोली. साहेब अस्वस्थ. "आपणच आपल्या भिंतीवर लिहायचं का की जाता येत नाही? कमिटी आली तर?" मी म्हटलं, कमिटीला दिसेल ते दादाला रोज दिसतंय, फरक एवढाच की त्याला ते पॅसेज संपल्यावर दिसतं. पाटीने पायऱ्या जात नाहीत, माणसाची फेरी तेवढी वाचते.

मग मॅडमनी चांगला मुद्दा काढला की लिहायला लाज वाटतेय तर रॅम्प करा. हिशेब तिथेच केला: पाच पायऱ्या म्हणजे साधारण ७५० मिलिमीटर, एकास बारा उताराने नऊ मीटर, वर मधे सपाट जागा, शिवाय दोन्ही टोकांना वळायला जागा. पॅसेज रुंद आहे, अर्ध्या रुंदीत बसतो. चार मजल्यांवर चार रॅम्प झेपणार नाहीत, दुसऱ्या मजल्यावर एक तरी करा, आणि तोवर फेलोशिपचं टेबल ए विंगच्या तळमजल्यावर आणा. टेबल हलवायला कुणाचाच विरोध नव्हता. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

पाटी मंजूर.

२८ मे

पाऊस २६ तारखेलाच येऊन बसला, मुंबईत इतक्या लवकर कधीच आला नव्हता म्हणे. नमुन्याच्या पाट्या डबल टेपवर लावलेल्या, जुन्या विंगच्या ओल आलेल्या भिंतीवरून दोन खाली. बरंच झालं, टेपचा आग्रह धरणाऱ्यांची तोंडं बंद झाली. आता गिट्टी मारून स्क्रू, तेही ३१६ ग्रेडचे, कारण खाऱ्या हवेत ३०४ वर तांबूस डाग धरतात. स्क्रूची डोकी ब्रेलपासून लांब आणि सपाट बसवायची, नाहीतर बोटाला एक टिंब फुकटचं लागतं.

१६ जून

पाट्या लागल्या. आज परत दोघांना आणि तीन नवीन प्रवेशवाल्यांना सोडलं, प्रत्येकाला एक खोली शोधायला दिली.

ती पहिल्या दाराशी जरा थांबली, दुसऱ्याशी कमी, तिसऱ्यापासून हात थेट पाटीवर. टॉयलेटपाशी भिंतीला टेकून आरामात वाचलं, दार उघडलं तरी तिच्यापासून लांब. पण प्रवेशद्वारातला स्पर्शनकाशा तिला पटला नाही. आम्ही उत्तर वर ठेवून काढलेला, आणि ती उभी असते तेव्हा समोर पूर्व असते. "मला डोक्यात अख्खी इमारत फिरवावी लागतेय." नकाशा उभ्या माणसाच्या समोरचं वर असा फिरवून परत करायला दिला, जिन्याच्या रेषा पण कमी केल्या, बोटाला गर्दी होत होती.

नव्या पोरांपैकी एकाने एकही पाटी न वाचता काकांना विचारलं. काका म्हणाले, "वर जा, ए विंग, दोनशे चार, डावीकडे." कूलर गेला एकदाचा.

२० जून

हस्तांतर. प्राध्यापकांची नावं बदलत राहतात म्हणून ती सरकत्या पट्टीत, साध्या प्रिंटची, आणि ब्रेल फक्त नंबर आणि खोलीच्या कामापुरतं, ते कायमचं. पट्टीची फाइल विभागाच्या क्लार्क ताईंना दिली, फॉन्टसकट, नाहीतर सहा महिन्यांत परत ए-फोर चिकटतील. सफाईवाल्या मावशींना सांगितलं की ब्रेलवर तारेची घासणी नको, ओलं फडकं पुरे.

बाकी: फायरवाल्यांचं उत्तर, फिरवलेला नकाशा, लिफ्टमधला आवाज जो अजूनही चौथ्या मजल्याला "थर्ड फ्लोअर" म्हणतो. रॅम्पचं एस्टिमेट साहेबांच्या टेबलावर आहे, जुलैच्या इमारत समितीत येणार म्हणालेत. शेवटचं बिल आज टाकलं.